जपानी भाषेच्या वाटेने – भाग १४ : करून टाकलं की करून बसलो?

गेल्या आठवड्यात आपण क्रियापदाचं 'ते' रूप शिकलो. ताबेते म्हणजे खाऊन, योन्दे म्हणजे वाचून. मराठी माणसाला हे रूप जड जात नाही, कारण आपलं 'ऊन' बहुतेक ठिकाणी तेच काम करतं. या रूपापुढे 'शिमाऊ' लावलं, की क्रिया पुरी झाल्याचा अर्थ येतो. 'होन ओ योन्दे शिमात्ता' म्हणजे पुस्तक वाचून टाकलं. एकटं वापरलं तर शिमाऊचा अर्थ वस्तू आवरून जागेवर ठेवणं असा होतो. घरगुती बोलण्यात 'ते शिमाऊ'चं 'चाऊ' आणि 'दे शिमाऊ'चं 'जाऊ' होतं. म्हणून जपानी मालिकांत 'योन्जात्ता' कानावर पडतं.

आता खरी गंमत. मराठीत 'पैसे देऊन टाकले' म्हणताना सुटकेचा भाव असतो आणि 'पैसे देऊन बसलो' म्हणताना पस्तावा. जपानीत दोन्हींसाठी 'हारात्ते शिमात्ता' चालतं. भाव संदर्भावरून ओळखायचा. मुळशी धरणाचं उदाहरण घ्या. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी जमिनी घेण्याविरुद्ध 1921 साली इथे सत्याग्रह झाला आणि पुढे सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. तरीही धरण झालंच. त्यात बुडालेल्या गावांबद्दल जपानीत सांगायचं तर 'मुरा गा मिझु नि शिझुन्दे शिमात्ता', गावं पाण्यात बुडून गेली. इथे शिमाऊ पूर्णता सांगतं आणि हळहळही. ते काढून नुसतं 'शिझुन्दा' म्हटलं, तर कोरडी नोंद उरते.

याच मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत जपानी ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांनी म्हणूनच सावध राहावं. कागदपत्रं पाठवून टाकली, हे कळवायला 'शिऱ्यो ओ ओकुत्ते शिमाइमाशिता' लिहिलं, तर समोरचा दचकेल. चुकून पाठवली की काय, असं त्याला वाटेल. तिथे साधं 'ओकुरिमाशिता' पुरे. काम पूर्ण झाल्याचं औपचारिक पत्रात सांगायचं, तर 'कानऱ्यो शिमाशिता' म्हणावं.

भावना न आणता पूर्णता दाखवायची असेल, तर जपानीत वेगळी जोडक्रियापदं आहेत. ती 'ते' रूपाला न लागता नम्र रूपातल्या 'मास'च्या आधीच्या रूपाला लागतात.

ओवारु : फक्त शेवट सांगतं. 'नाए ओ उएओवात्ता', म्हणजे रोपं लावून झाली. मुळशीतली भातलावणी उरकल्यावर हेच म्हणावं.

किरु : मूळ अर्थ कापणं, जोडल्यावर 'काही शिल्लक न ठेवता'. त्सुकाइकिरु म्हणजे वापरून संपवणं, त्सुकारेकिरु म्हणजे पार थकून जाणं. वाढलेलं ताट संपणार नसेल, तर 'ताबेकिरेनाई'.

आगेरु : मूळ अर्थ वर उचलणं. काकिआगेरु म्हणजे लिहून पुरं करणं. शेवटी हातात तयार वस्तू असावी लागते.

नुकु : अडचणी सोसून तडीस नेणं. हाशिरिनुकु म्हणजे दमलं तरी शेवटपर्यंत धावणं.

त्सुकुसु : साठा संपवणं. ताबेत्सुकुसु म्हणजे चक्क फडशा पाडणं.

आपल्याकडे 'टाकणे' आणि 'काढणे' यांच्यावरच बरंच भागतं. त्यामुळे विद्यार्थी सगळीकडे शिमाऊ लावतात आणि त्यांचं बोलणं उगाच पश्चात्तापी वाटतं. त्यावर उपाय सोपा आहे. आधी स्वतःला विचारा, मला नुसता शेवट सांगायचाय, काही उरलं नाही हे सांगायचंय, की जे झालं त्याबद्दलची भावना सांगायचीय? उत्तर मिळालं, की क्रियापद आपोआप ठरतं.

एक नेहमीची चूकही टाळा. 'मो योमिमाशिता का?' (वाचलं का?) याला 'अजून नाही' असं उत्तर देताना 'मादा योमिमासेन देशिता' म्हणू नका. बरोबर उत्तर 'मादा योन्दे इमासेन'. न झालेली क्रिया जपानी माणूस भूतकाळात ढकलत नाही. ती आत्तापर्यंत बाकी आहे, असं सांगतो.

या आठवड्याचा गृहपाठ : आज केलेली पाच कामं घ्या आणि प्रत्येकासाठी वरच्यापैकी योग्य जोड निवडून वाक्य लिहा. शिमाऊ एकदाच वापरायचं, तेही खरोखर हळहळ वाटली असेल तरच. पुढच्या भागात अर्धवट राहिलेल्या कामांचं 'काकेरु' पाहू.