न दिसणं आणि नसणं : विमानाच्या अंगातली लपलेली इजा



मागच्या वेळी आपण 'अनुपलब्धी' या प्रमाणापाशी थांबलो होतो. खोलीत घट नाही हे कळतं कसं? तर तो दिसत नाही म्हणून. पण अंधारात दिसला नाही, तर 'नाही' म्हणता येत नाही. असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. हीच योग्य-अनुपलब्धी. आम्ही तत्त्वज्ञानवाले उगाच काथ्याकूट करतो असं वाटत असेल, तर एक विमान पाहू.

6 मार्च 2005. क्युबातल्या वरादेरोहून एअर ट्रान्झॅटचं एअरबस ए-310 कॅनडातल्या क्वेबेकला निघालं. वाटेत मोठा आवाज झाला, विमान डोलू लागलं. वैमानिकांनी ते सुखरूप परत आणलं. उतरून पाहतात तो शेपटीवरचं रडर जवळजवळ सगळंच गायब!

हे रडर म्हणजे कार्बन फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखा हलका गाभा. धातूला धक्का बसला की पोचा पडतो, इजा दिसते. इथे वरचा थर पुन्हा जागेवर येतो आणि आत मात्र जोड सुटलेला असू शकतो. पाणी किंवा हायड्रॉलिक तेल झिरपलं तरी चिकटलेलं सुटू लागतं. उंचावर बाहेरचा दाब कमी होतो, आत अडकलेली हवा फुगते आणि सुटलेली जागा वाढू शकते.

मग तपासायचं कसं? एक डोळ्यांनी, दुसरं टिचकीने. माठ घेताना आपण टिचकी मारतोच की! खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा. पण बाहेरून मारलेली टिचकी बाहेरच्या थराबद्दल सांगते. गाभ्यापलीकडच्या आतल्या थराबद्दल तिचा भरवसा नाही. कॅनडाच्या तपासाचा निष्कर्ष होता, की ठरवून दिलेली तपासणी सगळे दोष शोधायला पुरेशी नव्हती. त्याच वर्षी आणखी एका एअरबसचं रडर वेगळ्याच कारणाने दुरुस्तीला गेलं, तेव्हा कुठे त्याचा आतला थर सुटलेला सापडला. तिथे हायड्रॉलिक तेल शिरलं होतं.

म्हणून अल्ट्रासाउंड वापरतात. ध्वनिलहरी फटीपाशी अडतात. गाभ्यात पाणी असेल तर ते उष्णतेच्या चित्रात उमटतं. तरीही प्रत्येक पद्धतीला तिचा अंधार आहेच. अभियंते हे गृहीत धरतात. जेमतेम दिसणारी इजा राहून गेली तरी भाग पूर्ण भार पेलेल, अशी रचना करतात आणि इजा धोक्याची होण्याआधी पुढची तपासणी येईल असं पाहतात.

तेव्हा 'दोष आढळला नाही' असा शेरा आला, की आपण विचारायचं : कोणत्या पद्धतीने पाहिलं? कुठल्या बाजूने? आणि केवढा दोष असता तर दिसला असता? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो शेरा अंधारातल्या घटासारखाच.

आता तुमचे प्रश्न घेऊ.