विश्लेषण : क्लच दाबला की खरखर का येते? जुन्या एमजीबीचे इंजिन उतरवण्याआधी काय तपासावे?

क्लचचे पेडल दाबले की पायाखालून खरखर, सोडले की शांतता. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांना हा आवाज ऐकला की धडकी भरते. कारण बिघडलेला भाग तळहातावर मावेल एवढाच असतो, पण तिथपर्यंत पोहोचायला अख्खे इंजिन बाहेर काढावे लागते. मग हा आवाज नक्की त्याच भागाचा आहे, हे इंजिन न उतरवता कसे ओळखायचे?

कोणती गाडी, कोणता भाग?

आपल्या रस्त्यांवर २०१९ पासून दिसणाऱ्या हेक्टरवर जो अष्टकोनी एमजी बिल्ला असतो, तोच बिल्ला मिरवणारी एमजीबी ही ब्रिटनमधली सर्वांत गाजलेल्या स्पोर्ट्स कारपैकी एक. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तिचे उत्पादन झाले आणि सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे आजही ती हौशी मालकांकडे मोठ्या संख्येने आहे आणि बरेच जण तिची दुरुस्ती स्वतःच करतात. तिचे १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन 'बी सीरिज' घराण्यातले. याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्या अँबॅसिडरने अनेक वर्षे वापरले. म्हणजे गाडी परकी असली तरी तिच्या इंजिनाचे गोत्र आपल्या मेकॅनिकांना अनोळखी नाही.

आज ज्या भागाबद्दल बोलतोय त्याचे नाव क्लच रिलीज बेअरिंग. त्याचे काम समजून घेण्यासाठी आधी क्लच कसा सुटतो ते पाहू.

क्लच दाबल्यावर आत काय होते?

इंजिनाच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असते. तिला चिकटून क्लच प्लेट आणि त्या प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. हा दाब एका ताटलीसारख्या स्प्रिंगमुळे मिळतो. क्लच प्लेटच्या मधोमध गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बसलेला असतो. म्हणजे पेडल मोकळे असताना इंजिन फिरले की प्लेट फिरते आणि प्लेटसोबत शाफ्टही.

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल नळीतून खालच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जोर पोहोचवते. स्लेव्ह सिलिंडरची दांडी एका फोर्कला ढकलते. फोर्कच्या आतल्या टोकावर रिलीज बेअरिंग असते आणि ते स्प्रिंगच्या मध्यभागी रेटा देते. स्प्रिंगचा दाब सुटतो, प्लेट मोकळी होते, गिअर बदलता येतो.

यातली अडचण अशी, की स्प्रिंग इंजिनाच्या वेगाने गरगर फिरत असते आणि फोर्क मात्र फिरत नाही. फिरत्या आणि स्थिर भागांमधला हा रेटा सोसण्याचे काम रिलीज बेअरिंगचे.

एमजीबीचे बेअरिंग वेगळे कसे?

आजच्या बहुतेक गाड्यांत हे बेअरिंग छऱ्यांचे असते. एमजीबीत मात्र छरे नाहीत. बिडाच्या कडीत बसवलेले कार्बनचे जाड कडे, एवढेच ते बेअरिंग. कार्बन स्वतःच वंगणाचे काम करतो, त्यामुळे त्याला ग्रीस लागत नाही. रचना साधी आणि स्वस्त.

पण कार्बन घासूनच काम करतो, म्हणजे प्रत्येक वेळी पेडल दाबले की तो थोडा झिजतो. गिअर बदलण्यापुरते क्षणभर दाबले तर तो वर्षानुवर्षे टिकतो. सिग्नलला पेडल दाबून उभे राहण्याची किंवा चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय असेल, तर त्याचे आयुष्य झपाट्याने घटते.

आवाज कुणाचा, हे ओळखायचे कसे?

सगळी गंमत इथे आहे. क्लचच्या आसपास आवाज करू शकणारे किमान तीन भाग आहेत : रिलीज बेअरिंग, गिअरबॉक्सची बेअरिंग आणि इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारे, क्रँकशाफ्टमध्ये बसवलेले पितळी रंगाचे पायलट बुश. तिघांचेही आवाज जवळपास एकाच ठिकाणाहून येतात. त्यामुळे आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी येतो हे महत्त्वाचे.

चाचणीसाठी गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावा. इंजिन गरम होऊन संथ चालू द्या. गाडीसमोर कुणी उभे नाही याची खात्री करा. मग पुढच्या पायऱ्या क्रमाने करा.

१. न्यूट्रल, पेडल पूर्ण मोकळे. या स्थितीत इनपुट शाफ्ट इंजिनासोबत फिरत असतो. इथे घरघर येत असेल आणि पेडल पूर्ण दाबल्यावर काही क्षणांत ती थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. रिलीज बेअरिंग बहुधा निर्दोष.

२. न्यूट्रल, पेडल अगदी हळूहळू दाबा. पेडलला जोर लागायला लागताच, म्हणजे क्लच सुटण्याच्या आधीच, खरखर किंवा कोरडी शिट्टी सुरू झाली आणि जोर वाढवला तसा आवाज बदलत गेला, तर खूण रिलीज बेअरिंगची. कधी कधी पायाला बारीक थरथरही जाणवते.

३. पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर टाका, पेडल दाबलेलेच ठेवा. आता इनपुट शाफ्ट थांबलेला आणि क्रँकशाफ्ट फिरता, म्हणजे पायलट बुशमध्ये घर्षण सर्वाधिक. पेडलच्या पहिल्या भागात शांतता होती आणि आवाज क्लच पूर्ण सुटल्यानंतरच सुरू झाला, तर दोष पायलट बुशमध्ये असू शकतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत बरेच जण फसतात, कारण दोन्हींत आवाज पेडल दाबल्यावरच येतो. म्हणूनच पेडल एका झटक्यात न दाबता हळूहळू दाबायचे. आवाज जोर लागताच सुरू झाला की क्लच सुटल्यावर, हा फरक कानाने टिपता आला तर निम्मे निदान झाले.

इंजिनाचाही दोष असू शकतो का?

हो, आणि हे बऱ्याचदा निसटते. पेडल दाबताना जो रेटा स्प्रिंगवर येतो तो क्रँकशाफ्टलाही पुढे ढकलतो. हा रेटा झेलायला इंजिनाच्या मधल्या मेन बेअरिंगपाशी थ्रस्ट वॉशर असतात. ते झिजले तर पेडल दाबताच क्रँकशाफ्ट पुढे सरकतो, इंजिनाचा आवाज बदलतो आणि सगळे खापर क्लचवर फुटते.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबायचे-सोडायचे आणि दुसऱ्याने पुढे इंजिनाच्या खालच्या पुलीकडे बघायचे. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे होत असेल, तर आधी थ्रस्ट वॉशरचा विचार करा. नुसते बेअरिंग बदलून हा दोष जाणार नाही.

गिअर अडतो, तो रिलीज बेअरिंगमुळेच का?

नेहमी नाही. रिव्हर्स टाकताना दात करकरत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही एवढाच त्याचा अर्थ. कारण बाहेरच्या तेलाच्या व्यवस्थेतही असू शकते, आणि ते दुरुस्त करायला इंजिन उतरवावे लागत नाही.

पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर सहज पडत असेल, तर तेलात हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचे रबरी सील थकले आहेत. मास्टर सिलिंडरमधले तेल कमी झाले आहे का, पेडलपाशी आतल्या बाजूला ओल आहे का, स्लेव्ह सिलिंडरचे रबरी टोपण सरकवल्यावर आत तेल साचले आहे का, हे पाहा. हे तेल रंग खाते, त्यामुळे पत्र्यावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

मग दांडीची हालचाल मोजा. इंजिन बंद, गाडी भक्कम स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. मदतनिसाने पेडल पूर्ण दाबल्यावर स्लेव्ह सिलिंडरची दांडी साधारण अर्धा इंच, म्हणजे १२-१३ मिलिमीटर, सरकायला हवी. बरीच कमी सरकत असेल तर हवा, सील, फुगणारी रबरी नळी किंवा पेडल आणि फोर्क यांना जोडणाऱ्या झिजलेल्या पिना यांपैकी काहीतरी दोषी. पिनेचे भोक लंबगोल झालेले असेल, तर पेडलचा बराचसा प्रवास तिथेच वाया जातो. दांडी पुरेशी सरकते आणि तरीही क्लच सुटत नाही, अशा वेळीच दोष आतला समजावा.

गाडीचा वेग वाढत नाही पण इंजिनाचे फेरे वाढतात, ही तक्रार मात्र क्लच प्लेट घसरण्याची आहे. तिचे खापर रिलीज बेअरिंगवर फोडू नये.

कार्बन किती उरला, हे बाहेरून दिसते का?

थोडाफार अंदाज येतो. फोर्क जिथून बाहेर येतो तिथे एक रबरी आवरण असते. ते सरकवून टॉर्च आणि छोटा आरसा, किंवा मोबाइलला जोडता येणारा वायरचा कॅमेरा वापरला, तर आत डोकावता येते. काळी पूड, कार्बनचे तुकडे किंवा धातूला धातू घासल्याची चकाकी दिसली, तर शंकेला जागा उरत नाही.

दुसरी खूण फोर्कच्या ठेवणीत. कार्बन झिजला की बेअरिंगला स्प्रिंगपर्यंत पोहोचायला जास्त पुढे जावे लागते. त्यामुळे पेडल मोकळे असतानाही फोर्कचे बाहेरचे टोक सिलिंडरपासून पूर्वीपेक्षा लांब उभे दिसते. क्लच नीट असतानाच याचा एक फोटो काढून ठेवला, तर पुढे तुलना करता येते.

तसेच चालवत राहिले तर?

सुरुवातीची कोरडी शिट्टी काही काळ तशीच चालू शकते. पण कार्बन संपला की बिडाची कडी थेट फिरत्या क्लचला घासू लागते. त्यात क्लचचा मधला भाग खरवडून निघू शकतो, आणि मग बेअरिंगसोबत क्लचचाही खर्च गळ्यात पडतो. शेवटी क्लच सुटेनासाच होतो. वाहत्या रस्त्यात गिअरमधून बाहेर न येणारी गाडी ही केवळ गैरसोय नाही, धोका आहे. धातूची करकर सुरू झाली की गाडी उभी करावी, हेच बरे.

इंजिन उतरवलेच तर?

एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खालून काढता येत नाही, गाडीच्या सांगाड्याची रचना आड येते. त्यामुळे इंजिन एकटे, किंवा इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र, वरून उचलावे लागतात. एवढा खटाटोप झाल्यावर फक्त बेअरिंग बदलणे म्हणजे दोनदा तेच काम करण्याची तयारी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बुश एकदमच बदलावे. फोर्कचा बुश आणि बोल्ट, गिअरबॉक्सच्या तोंडाचे तेल सील आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभागही तपासावा.

बसवताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. बेअरिंगला फोर्कवर धरून ठेवणाऱ्या दोन स्प्रिंग क्लिपा नीट अडकल्या आहेत का, हे दोनदा पाहा. कार्बनला तेल किंवा ग्रीस लावू नका. आणि इंजिन परत जोडताना त्याचा भार इनपुट शाफ्टवर टांगू देऊ नका, नाहीतर नवी कोरी क्लच प्लेट वाकते.

नवे बेअरिंग जास्त टिकावे म्हणून?

उपाय फुकटचा आहे. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि पेडल सोडा. चालवताना डावा पाय पेडलवर नको, बाजूला ठेवा. चढावर गाडी क्लचवर तोलून धरण्याऐवजी हँडब्रेक वापरा. या सवयी छऱ्यांच्या बेअरिंगलाही मानवतात, त्यामुळे तुमच्या रोजच्या गाडीतही त्यांचा फायदाच होईल. आणि पुढच्या वेळी क्लच दाबल्यावर खरखर आली, तर गॅरेजमध्ये 'क्लच गेलाय' एवढेच सांगू नका. आवाज पेडलच्या कोणत्या टप्प्यावर येतो आणि न्यूट्रलमध्ये काय होते, हेही सांगा. मेकॅनिकचे निम्मे काम तिथेच होईल.