शब्दांचे साखळदंड

काही महिन्यांपूर्वी आमच्या कचेरीत फोंडा तालुक्यातील एक गृहस्थ आले. त्यांचा धाकटा भाऊ चार दिवसांपासून बेपत्ता होता आणि त्याच्या शोधासाठी जाहिरात द्यावयाची होती. वय, उंची, वर्ण, अंगातील शर्टाचा रंग, बोलता येणाऱ्या भाषा, ही सर्व माहिती त्यांनी न अडखळता सांगितली. आमच्या लेखनिकाने नेहमीच्या पद्धतीने पुढचा प्रश्न विचारला, "त्यांची प्रकृती कशी असते? मनाने ठीक आहेत ना?" गृहस्थ थांबले. बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "ते लिहिलेच पाहिजे का?"

त्यांची अडचण उघड होती. लिहावे, तर वाचणाऱ्यास भाऊ ओळखता येईल, कोठे तरी गोंधळून उभ्या असलेल्या माणसाला कोणी जवळ बसवून घेईल. परंतु लिहावे, तर मुलीचे लग्न महिन्यावर आलेले. पुढे बोलता बोलता त्यांनी जे सांगितले ते ऐकून आमचा लेखनिकही काही क्षण लिहावयाचा थांबला. साखरपुड्याच्या आठवड्यात पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून भावाला आजोळी ठेवले होते. त्याच्या रोजच्या गोळ्या मात्र सोबत दिल्या नव्हत्या. गोळ्या पाठवायच्या तर त्या कशाच्या हे सांगावे लागले असते. आठ दिवस गोळ्यांवाचून गेले आणि नवव्या दिवशी पहाटे भाऊ घरातून निघून गेला. अखेरीस जाहिरातीत "थोडे विसरभोळे आहेत" असे लिहावे असे ठरले.

ही गोष्ट एका घरापुरती असती तर अग्रलेखाचा विषय झाली नसती. आमच्या समाजात मनाच्या आजारासाठी दोनच आवाज आहेत. एक रस्त्यावरचा, मोठ्याने ओरडणारा: वेडा, चक्रम, डोके फिरलेला, सटकलेला. दुसरा घरातला, दार लावून घेतलेला: "त्याला जरा बरे नसते." या दोन आवाजांच्या मधला, मधुमेहाविषयी किंवा दम्याविषयी आपण ज्या साध्या स्वरात बोलतो तो स्वर, आपल्यापाशी नाही. काकूला साखरेचा विकार आहे हे आपण जेवणाच्या पंगतीत सांगतो. तिला नैराश्याचा विकार आहे हे मात्र तिच्या सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. पहिला आवाज जितका चढतो तितका दुसरा खाली जातो, आणि या दोहोंच्या मध्ये रोगी सापडतो.

'वेड' हा शब्द मुळात वाईट आहे असे मात्र आम्हांस वाटत नाही. आई लेकराला "वेडा कुठला" म्हणते तेव्हा त्यात लाडच असतो. संतांनी आपल्या भक्तीला वेड म्हटले, पिसे म्हटले, आणि त्याची लाज बाळगली नाही. गोमंतकीय स्वतःला नाट्यवेडा म्हणवतो ते मोठ्या अभिमानाने. जत्रेतील रात्रीच्या नाटकासाठी दहा मैल चालत जाणाऱ्या मागच्या पिढीला दुसरे कोणते विशेषण शोभले असते? भाषेतून असे शब्द खरडून काढण्याचा खटाटोप जे करू पाहतात त्यांच्याशी आमचे जमणार नाही. तथापि तोच शब्द खऱ्या रोग्याच्या पाठीवर दगडासारखा पडतो तेव्हा त्यातला लाड नाहीसा होतो, आणि म्हणणाऱ्याला हा फरक कळत नाही असेही नाही. बाजारात फाटक्या कपड्यांतील माणसामागे धावणाऱ्या पोरांना तो नेमका कळतो.

या बाबतीत आम्हां वृत्तपत्रवाल्यांचे हात स्वच्छ नाहीत हे येथेच सांगून टाकलेले बरे. खून झाला, आरोपी कोण याचा धड पत्ता नाही, कोणा डॉक्टराने त्यास तपासलेले नाही, तरी दुसऱ्या दिवशी मथळा तयार असतो: "माथेफिरूचे कृत्य". खून करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक पूर्ण शुद्धीवर असतात आणि मनोरुग्णांपैकी बहुसंख्य कोणाच्या वाटेला जात नाहीत; उलट मार खाणारे, लुबाडले जाणारे तेच अधिक असतात. परंतु मथळा वाचून ज्याच्या घरात असा रोगी आहे तो दाराची कडी आणखी घट्ट करतो. विधिमंडळात गोंधळ झाला की त्याला वेड्यांच्या इस्पितळाची उपमा देणारे अग्रलेख मराठीत थोडे नाहीत, आणि त्यांत या स्तंभाचाही वाटा आहे. इस्पितळातील रोग्यांनी त्या उपमेविरुद्ध तक्रार केली असती तर ती रास्तच ठरली असती.

घरातल्या दबलेल्या आवाजात आणखी एक शब्द आहे: "बाहेरचे". मुलगा रात्रभर जागतो, कोणी तरी आपल्याविषयी बोलते आहे असे म्हणतो, जेवणात विष असल्याचा संशय घेतो. की लगेच बाहेरचे काही असावे म्हणून घाडी येतो, देवाला कौल लावला जातो, नाडा बांधला जातो. देवापुढे गाऱ्हाणे घालण्यास आमची हरकत नाही; संकटातील घराला ते धीर देते, आणि धीर ही लहान गोष्ट नव्हे. हरकत आहे ती केवळ कौलावर थांबण्याला. शास्त्राचा आधार हवा असेल तर चरकसंहिता उघडावी. उन्मादाचे पाच प्रकार सांगून त्यांतले चार शरीरातील दोषांपासून होतात असे तेथे म्हटले आहे, आणि देव, गंधर्व वा पिशाच माणसाला आपण होऊन पीडा देत नाहीत असाही स्पष्ट निर्वाळा दिला आहे. अर्थात चरकाने त्याचे मूळ रोग्याच्या स्वतःच्या प्रज्ञापराधात शोधले, आणि भुताला दोषमुक्त करताना दोष रोग्याच्या गळ्यात टाकला. आजचे वैद्यक तेही मानीत नाही. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक घडामोडी, बालपणीचे आघात, दारू, कर्ज, एकटेपणा अशा अनेक कारणांची गुंफण त्यामागे असते. हे कोणाचे पाप नव्हे आणि कोणाची करणीही नव्हे.

मनावर शब्दाची सत्ता किती चालते हे जगाला प्रथम दाखवणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्याच भूमीचा होता. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेला आबे फारिया पुढे पॅरिसमध्ये कृत्रिम निद्रेचे प्रयोग करी. निद्रा आणणारे कोणतेही गूढ द्रव्य प्रयोगकर्त्याच्या बोटांतून वाहत नाही, जे घडते ते रोग्याच्या स्वतःच्या मनात घडते, हे त्याने मेस्मरच्या अनुयायांविरुद्ध ठामपणे मांडले. "झोपा" एवढा एक शब्द त्याला पुरत असे. पॅरिसने त्याची चेष्टा केली, रंगभूमीवर त्याचे विडंबन झाले, आणि १८१९ साली तो दारिद्र्यातच वारला. पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूस रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्याचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. आता पर्यटक त्यापुढे हसत छायाचित्रे काढतात. अल्तिनो टेकडीवरील मनोरुग्णांच्या इस्पितळालाही त्याचेच नाव होते. पुढे ते इस्पितळ बांबोळीला गेले आणि त्याचे नाव बदलले. एका शब्दाने मनाला विसावा मिळतो हे ज्याने दाखवले, त्याच्या प्रांतात एका शब्दाच्या भयाने माणसे डॉक्टरच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत.

पोहोचत नाहीत हे केवळ आमचे अनुमान नव्हे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत जे राष्ट्रीय सर्वेक्षण केले, त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक पाहणीच्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रोग्यांना उपचार मिळत नव्हते. त्या बारांत गोवा नव्हता, महाराष्ट्रही नव्हता; परंतु आपल्याकडे चित्र फार निराळे असेल असे मानण्यास आधार दिसत नाही. उपचार न मिळण्याला डॉक्टरांची टंचाई, अंतर आणि खर्च ही कारणे आहेतच. पण ज्या घरापासून बांबोळी तासाभराच्या बसप्रवासावर आहे, ते घरही दोन दोन वर्षे थांबते तेव्हा कारण दुसरे असते. स्किझोफ्रेनियासारखा विकार बहुधा ऐन तारुण्यात, शिक्षण वा नोकरी चालू असताना डोके वर काढतो, आणि उपचाराला जितका उशीर तितके पुढचे सावरणे कठीण. लपवण्यात गेलेली वर्षे म्हणजे रोग्याच्या आयुष्यातील नेमकी तीच वर्षे, जी परत आणता येत नाहीत.

मग शब्द बदलावेत काय? अनुभव संमिश्र आहे. वेड्यांच्या इस्पितळाचे मनोरुग्णालय झाले. आता पोरे एकमेकांना मनोरुग्ण म्हणून चिडवतात. मतिमंदाचा गतिमंद झाला, त्याचीही शिवी व्हावयास वेळ लागला नाही. नवा शब्द जुन्याच तिरस्काराने भरला की तोही लवकरच मळतो. असे असले तरी नाव बदलणे नेहमीच फुकट जाते असेही नाही. स्किझोफ्रेनियासाठी जपानी भाषेत मन दुभंगल्याचा अर्थ देणारे नाव रूढ होते, बरेचसे आपल्या 'छिन्नमनस्कता' या शब्दासारखे. २००२ साली तेथील मानसोपचारतज्ज्ञांनी ते टाकून, मनाचा मेळ बिघडल्याचा अर्थ देणारे सौम्य नाव स्वीकारले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत, ज्यांना स्वतःच्या रोगाचे नाव डॉक्टर सांगतात अशा रोग्यांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. म्हणजे जुन्या नावाला केवळ रोगी नव्हे, डॉक्टरही भीत होते. 'छिन्नमनस्कता' ऐकून दोन तुकडे झालेला माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि रोगाचे स्वरूप तर तसे नसतेच. आमच्या परिभाषाकारांनी यावर पुन्हा एकदा विचार करावा.

यापेक्षा साधा मार्ग गोव्यातच दिसला आहे. येथील 'संगत' या संस्थेने 'मानस' नावाचा प्रयोग २४ दवाखान्यांत केला. त्यांतले निम्मे सरकारी, निम्मे खाजगी होते. निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना शिकवून त्यांना नैराश्य व चिंता यांच्या रोग्यांशी बोलण्याचे काम देण्यात आले. रोगाचे जड नाव पुढे करण्याऐवजी झोप, अंगदुखी, थकवा, घरातील कटकटी आणि ज्याला आता कोणीही 'टेन्शन' म्हणतो ते, येथून बोलणे सुरू होई. सरकारी केंद्रांत येणारे रोगी या पद्धतीने अधिक प्रमाणात बरे झाले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही हेही सांगावयास हवे. 'टेन्शन' हा परका शब्द मराठीच्या अभिमान्यांना टोचेल. परंतु ज्या शब्दाने एखादी गृहिणी लाज न वाटता आपले दुःख परक्या माणसापुढे उच्चारू शकते, त्याला आम्ही तरी उंबऱ्यावर अडवणार नाही.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. ब्रिटिशांच्या १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडेपणा होता, आणि त्याचा मुख्य रोख अशा माणसाला बंदिस्त कोठे करावे याकडे होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि उपचार हा त्याने हक्क मानला. मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास त्याने मनाई केली. ती का करावी लागली हे विसरू नये. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खाजगी आश्रयगृहास आग लागली, आणि खांबांना व खाटांना साखळीने जखडलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्यांना तेथे आणून सोडणारे बहुतेक त्यांचेच आप्त होते. ते सगळे क्रूर होते असे आम्हांस वाटत नाही; त्यांपैकी कित्येकांना आपल्या गावी तोंड दाखवणे अशक्य झाले असावे.

केंद्र सरकारची 'टेलि मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला असता आपल्या भाषेत बोलता येते आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. आमच्यापुरते आम्ही एवढे ठरवले आहे की डॉक्टरांच्या किंवा न्यायालयाच्या आधाराविना 'माथेफिरू' आणि 'वेडसर' हे शब्द या दैनिकाच्या बातमीत येणार नाहीत, आणि बेपत्ता व्यक्तीच्या जाहिरातीत "नियमित औषध चालू आहे, आढळल्यास धीराने बोलावे" एवढेच वाक्य सुचवले जाईल. वाचकांना यात आमची चूक दिसली तर त्यांनी ती अवश्य दाखवावी.

फोंड्याच्या गृहस्थांचा भाऊ बाराव्या दिवशी सीमेपलीकडील एका रेल्वे स्थानकावर सापडला. स्थानकाबाहेरच्या चहावाल्याने आमच्या पत्रातील जाहिरात वाचली होती. परंतु विसरभोळा माणूस म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे चश्मा शोधणारे कोणी मास्तर आले, आणि पुटपुटत फलाटावर येरझारा घालणाऱ्या या माणसाशी त्याची सांगड त्याने घातली नाही. चोर समजून लोकांनी दोनदा मारले होते, तेव्हा कोठे पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन खिशातल्या चिठ्ठीवरून घरी कळवले. लग्न ठरल्या दिवशी झाले. धाकटे बंधू मंडपात होते की नाही, हे आम्ही विचारले नाही.