शटरामागील चित्र

चित्र म्हटलें कीं चौकट, कांच आणि भिंतीवरील खिळा हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया (जन्म 1959) यांनीं मात्र आपलीं कांहीं चित्रें दुकानाच्या शटरावर काढलीं आहेत. शटर म्हणजे लोखंडी पत्र्याच्या पट्ट्यांचें, वर गुंडाळलें जाणारें तें आपल्या नित्य परिचयाचें दार. सकाळीं त्याचा खडखडाट ऐकूं आला कीं बाजार उघडला असें समजावें. आणि भर दुपारीं तीं ओळीनें खालीं पडूं लागलीं, तर शहरांत कांहीं विपरीत घडलें हें मुंबईकरांस निराळें सांगावें लागत नाहीं. 1992-93 सालच्या दंग्यांत हा अनुभव त्यांनीं पुरेपूर घेतला.

2001 सालीं लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयांत महानगरांविषयींचें एक प्रदर्शन भरलें होतें. त्यांत दोडियांचीं शटरें मांडलीं होतीं. या कृतींत चित्रें दोन असतात. एक शटराच्या पत्र्यावर इनॅमल रंगानें काढलेलें, दुसरें त्याच्या मागील फळीवर. हीं दोन्हीं पूर्णपणें एकाच वेळीं पाहतां येत नाहींत, आणि खरी युक्ति येथेंच आहे.

‘महालक्ष्मी’ (2002) या कृतीचेंच उदाहरण घेऊं. शटर खालीं असतें तेव्हां समोर देवी दिसते. व्यापारी आपल्या गादीवर तिची तसबीर लावतो, तेव्हां त्यांत नवल कांहींच नाहीं. शटर वर केलें म्हणजे मागें दिसतात त्या तीन बहिणी. घरीं हुंड्याची सोय होईना, म्हणून ज्यांनीं आपल्या जीवाचा अंत करून घेतला अशा.

यांत देवीचा उपमर्द झाला असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मुलीच्या विवाहांत भाव ठरूं लागला, घासाघीस होऊं लागली, म्हणजे घराचें दुकान झालेंच. चित्रकारानें त्याला फक्त दुकानाचें दार बसविलें. हुंड्यास बंदी करणारा कायदा 1961 साली झाला, त्यानंतर चाळीस वर्षांनीं त्यास हें चित्र काढावें लागलें! शिवाय ही चाल अमक्याच समाजाची असें म्हणून कोणी सुटूं पाहूं नये. आमच्या ख्रिस्ती घरांतूनही ती आहे. मात्र तेथें कित्येकदां तिला भेट असें नांव असतें.

आणखी एक बारकावा. शटर वर जातांना त्याचा माथा प्रथम रुळाभोवतीं गुंडाळला जातो, म्हणून देवीचें मुख आधीं दृष्टीआड होतें. मागील चित्र मात्र खालून उघडत येतें. पत्रा सपाट नसल्यामुळें रंगांत आडव्या रेघाही उमटतात. चौकटींतील चित्रास ही गति कोठून येणार?

असें शटर एखाद्या प्रदर्शनांत आढळलें, तर विद्यार्थ्यांनीं तें खालीं असतांना व वर असतांना, दोन्हीं वेळां पाहावें. वर करण्याविषयीं तेथील रखवालदारास विनंती करावी. स्वतः हात लावूं नये.