पेनड्राइव्हची ओळख कशी पटते?

पेनड्राइव्ह संगणकाला जोडला की क्षणात त्यातील फाइलींची यादी पडद्यावर येते. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण पेनड्राइव्हमध्ये असते काय? अब्जावधी घरांची एक सलग रांग आणि प्रत्येक घरात ० ते २५५ पैकी एक आकडा. एवढेच! कोणती फाइल कोणत्या घरांत आहे, याची नोंदही त्याच रांगेत असते. आणि ती ठेवण्याच्या रीती अनेक आहेत. या रीतीला फाइल सिस्टिम म्हणतात. जुना कागद मोडीत आहे की देवनागरीत हे न कळल्यास तो फक्त वाचता येत नाही. येथे मात्र चुकीची रीत धरून संगणकाने काही लिहिले, तर तुमच्या फाइलीच नष्ट व्हायच्या.

युनिक्स वळणाच्या लिनक्स प्रणालीत ही रीत कशी ओळखतात ते पाहू. बहुतेक रीती ठरलेल्या घरात ठरलेली खूण ठेवतात. तिला ‘मॅजिक नंबर’ म्हणतात. जादू मात्र त्यात काही नाही. लिनक्सवरील ‘एक्स्ट’ कुळाचे उदाहरण घ्या. घरे शून्यापासून मोजायची. पहिली १०२४ घरे संगणक सुरू करण्याच्या सूचनांसाठी सोडलेली असतात. तेथून मुख्य नोंद सुरू होते आणि तिच्यात ५६ घरे पुढे खूण असते. म्हणजे १०८० व्या घरात ८३ आणि त्यापुढच्या घरात २३९. एक्सएफएस या रीतीची खूण अगदी पहिल्या चार घरांत, तर सीडीची ३२,७६९ व्या घरापासून ‘सीडी००१’ अशी पाच अक्षरांत असते. ‘बीएलकेआयडी’ नावाचा प्रोग्राम ही ठिकाणे एकामागून एक तपासतो.

आता एक शंका. ८३ आणि २३९ योगायोगाने शेजारी आले तर? सर्व आकडे सारखेच संभवनीय मानले, तर ही शक्यता २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ मध्ये एक. लहान आहे, पण फाइलींचा जुगार खेळण्याइतकी लहान नाही. म्हणून आजूबाजूच्या नोंदीही जुळतात का, हे पाहावे लागते. फॅट या रीतीत तर ५१० व ५११ व्या घरांतील ८५ आणि १७० ही जोडी इतर कामांसाठीही वापरतात. तेव्हा तेथे आणखी एक आकडा १, २, ४, ८ अशा श्रेणीत बसतो का, हेही तपासतात.

खरी पंचाईत वेगळीच. पेनड्राइव्ह नव्या रीतीने मांडताना जुनी खूण पुसली गेली नाही, तर दोन्ही खुणा खऱ्या दिसतात. अशा वेळी बीएलकेआयडी अंदाज बांधत नाही. ओळख संदिग्ध आहे असे सांगून थांबतो. मला हेच शहाणपणाचे वाटते. जुनी खूण पुसायला ‘वाइपएफएस’ हा वेगळा प्रोग्राम आहे.

एकदा पेनड्राइव्ह वापरात घेतला, की इतर प्रोग्रामांना घरे धुंडाळावी लागत नाहीत. ‘स्टॅटएफएस’ ही विचारणा केली की प्रणालीचा गाभाच उत्तर देतो. गंमत अशी, की लिनक्समध्ये एक्स्ट २, ३ आणि ४ या तिघांसाठी एकच उत्तर येते: ६१,२६७. आपल्या दोन आकड्यांपासून तो कसा मिळतो पाहा: २३९ गुणिले २५६ अधिक ८३. तिघांतला फरक हवा असल्यास मुख्य नोंदीतील वैशिष्ट्यांचे रकाने वाचावे लागतात.