दाढ काढली, तरी कळ राहिली

बोरिवली, अंधेरी, मुलुंड वा घाटकोपर, दातांच्या कुठल्याही दवाखान्यात हे दृश्य दिसू शकते. सत्तरी ओलांडलेल्या आजी तळहात गालापासून दोन बोटे दूर धरून बसलेल्या असतात. गालाला स्पर्श झाला, तर दाढेपासून वीज सळसळावी तशी कळ उठते. तोंड धुणे, पोळीचा घास चावणे, इतकेच काय, लोकलच्या खिडकीतून येणारी वाऱ्याची झुळूकही त्यांना नकोशी होते. एक दाढ काढून झालेली असते, शेजारच्या दाढेचे रूट कॅनलही उरकलेले असते, आणि कळ मात्र जागच्या जागी.

या व्याधीचे नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूवर, मेंदूच्या तळाशी, बहुधा एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते. तंतूचे आवरण झिजते आणि साधा स्पर्शही वेदना होऊन पोहोचतो. दातांची संवेदना याच तंतूच्या शाखा वाहतात. त्यामुळे ‘दाढच दुखते’ हे रुग्णाचे म्हणणे प्रामाणिकच असते. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांमध्ये ही व्याधी अधिक आढळते. वांद्र्याचे रहिवासी अभिनेते सलमान खान यांनी २०११ मध्ये आपल्याला ती असल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा हे अवघड नाव अनेक घरांत प्रथमच पोहोचले. नाव नवे असले तरी दुखणे जुने आहे; सुश्रुतसंहितेतील ‘अनंतवात’ या शिरोरोगाशी आजचे वैद्य त्याचे साम्य सांगतात.

दंतवैद्यकात अशा रुग्णांची तपासणी करणारी शाखा म्हणजे ओरल मेडिसिन. चेहऱ्याच्या वेदनेला दंतवैद्यकाची स्वतंत्र विशेषशाखा म्हणून अमेरिकेतही २०२० मध्येच मान्यता मिळाली. या तज्ज्ञाचे मोठे काम दात वाचवण्याचे, आणि त्यासाठीचे मुख्य साधन म्हणजे निवांत ऐकून घेणे. कळ किती सेकंद टिकते? एकाच बाजूला येते का? किडलेल्या दाढेचा ठणका बहुधा रेंगाळतो, रात्री झोपू देत नाही. या व्याधीची कळ काही सेकंदांत येऊन जाते, आणि मधल्या काळात रुग्ण अनेकदा स्वस्थ असतो. भूल दिल्यावर दुखणे थांबले, म्हणून दोष दाढेचाच असेही ठरत नाही. कळ जिथून चेतते ती जागाच भुलीने बधिर झालेली असू शकते. इथेच भले भले फसतात. शंका राहिली की मेंदूचा एमआरआय काढून घेतात.

दंतवैद्य आणि मेंदुविकारतज्ज्ञ यांनी मिळून हाताळण्याचे हे दुखणे आहे. कार्बामाझेपिन हे मुळात अपस्माराचे औषध. १९६२ पासून ते या कळेवरही वापरले जाते आणि बहुतेकांना आराम देते. वृद्धांत मात्र ते अगदी अल्प मात्रेने सुरू करावे लागते. चक्कर येऊन पडण्याची भीती असते, रक्तातील सोडियम उतरते, रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांशी त्याचे जमत नाही. अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करणे हा घरोघरचा प्रमाद. औषध पुरेनासे झाल्यास शस्त्रक्रियेचे पर्याय आहेत, वयस्करांना झेपतील असेही.

चेहऱ्याची प्रत्येक वेदना हीच असते असे नाही. चावताना जबडा थकून दुखू लागणे, कानशिलात नव्याने ठणका आणि नजर अंधुक होणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर धमनीच्या दाहाची शक्यता असते. तिथे एक दिवसही दवडू नये, दृष्टी जाऊ शकते. जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत जडपणा आणि घाम असेल, तर थेट हृदयोपचाराची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

परवडणाऱ्या तपासणीसाठी महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. पश्चिम उपनगरांतून मुंबई सेंट्रलला उतरावे. मुलुंड-घाटकोपरकरांनी दादरला गाडी बदलावी. जाताना सगळे जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची यादी आणि कळ केव्हा, कशाने आली याची आठवडाभराची वही सोबत न्यावी. आजींनी खाणे कमी केले असेल, तर तेही तिच्यात लिहावे. त्या स्वतःहून बहुधा सांगत नाहीत.