दुकानाचे देणे व घराचा उंबरठा

घरात वडिलोपार्जित धंदा असला, म्हणजे 'या पेढीचे मालक कायद्याने कोण?' हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परंतु धंद्यास खोट येऊन सावकार दाराशी आला, की त्याचा हात गल्ल्यापाशी थांबणार की राहत्या वास्तूपर्यंत पोहोचणार, हे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. म्हणून ही माहिती कर्त्या पुरुषांप्रमाणेच घरातील भगिनींनीही करून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

एकट्याच्या मालकीच्या दुकानात दुकान व मालक हे कायद्याच्या दृष्टीने दोन नव्हेतच. दुकानाचे देणे ते मालकाचेच देणे. अविभक्त हिंदू कुटुंबाच्या धंद्यात कर्ता आपल्या खासगी मिळकतीसकट जबाबदार असतो. इतर सहदायादांची जबाबदारी, त्यांनी स्वतः करारात भाग घेतला नसेल तर, सामायिक मिळकतीतील हिश्शापुरतीच असते. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, एवढ्याच आधारावर मुलावर दावा लावण्याची वाट २००५ च्या दुरुस्तीने पुढील कर्जांपुरती बंद केली. त्याच दुरुस्तीने कन्याही जन्मतः सहदायाद झाली. अर्थात हक्काबरोबर देण्याचा भारही तिच्या हिश्शावर आला.

भागीदारीचा प्रकार अधिक जोखमीचा आहे. १९३२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक भागीदार पेढीच्या सर्व देण्यास एकत्र व स्वतंत्रपणे जबाबदार असतो. दोन आणे भागीदाराकडूनही सावकार सोळा आणे वसूल करू शकतो. मग त्याने इतरांकडून आपले पैसे मागत बसावे! निवृत्त होणाऱ्याने तशी जाहीर नोटीस न दिल्यास पुढील देणीही त्याच्या गळ्यात पडू शकतात. अज्ञान मुलास पेढीच्या लाभात घेतले असेल, तर तो सज्ञान झाल्यापासून, अथवा ही गोष्ट त्यास नंतर कळल्यास तेव्हापासून, सहा महिन्यांत त्याने आपला निर्णय जाहीर केला पाहिजे. तो गप्प बसला, तर भागीदार ठरतो, आणि लाभात आल्या दिवसापासूनच्या देण्यांस वैयक्तिकरीत्या बांधला जातो.

मर्यादित कंपनीत मात्र कंपनी ही मालकाहून निराळी व्यक्ती मानली जाते. लंडनमधील जोड्यांचे कारखानदार सॉलोमन यांनी आपल्या धंद्याची कंपनी केली. पत्नी, कन्या व चार पुत्र यांस एकेक भाग दिला. कंपनी बुडाली, तरी तिचे देणे सॉलोमन यांचे नव्हे, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ मध्ये दिला. आपल्याकडे २००८ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची भागीदारी आली, व २०१३ च्या कायद्याने एकट्यासही कंपनी काढता येऊ लागली. लबाडी केल्यास मात्र हा आडपडदा टिकत नाही.

तथापि या भिंतीस एक दार आहे, आणि ते आपणच आपल्या हाताने उघडतो. ते म्हणजे जामीनकी. पेढी कर्ज देताना संचालकांची, कित्येकदा त्यांच्या घरच्यांचीही, वैयक्तिक हमी मागते. आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. पतीच्या धंद्याच्या देण्यास पत्नीचे स्त्रीधन लागत नाही. परंतु तिनेच जामीनपत्रावर सही केली, तर तिची स्वतःची मिळकतही त्या देण्यास बांधली जाते.

तेव्हा 'येथे सही कर' असे घरच्या वडील माणसाने म्हटले, तरी ही सही साक्षीदाराची, भागीदाराची की जामीनदाराची, एवढे नम्रपणे विचारून घ्यावे. असे विचारण्यात अनादर नाही. त्यात घराचेच रक्षण आहे.